एक वाडी, तीन जमिनी: गोराईतल्या कुंपणाच्या खांबांचं प्रकरण

(नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी पशुपालकांना गोठे आणि कुंपणाची आखणी करून देतो. या कामात दुसऱ्या टप्प्यापासून होतो.)

पार्श्वभूमी

गोराई मुंबई महापालिकेच्या हद्दीत येते, पण बोरिवलीहून तिकडे जायचं तर आजही खाडी बोटीनं ओलांडावी लागते. सिमेंट, लोखंड, खडी असा अवजड माल भाईंदर-उत्तनच्या रस्त्यानं वळसा घालून येतो. ही गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण इथे खांबाची किंमत ठरवताना त्याचं वजनही मोजावं लागतं.

आप्पांची वाडी साधारण वीस गुंठ्यांची. रस्त्याच्या बाजूला १२० फूट रुंद आणि खाडीच्या दिशेनं १८० फूट लांब, म्हणजे कुंपण सहाशे फुटांचं. जनावरं तीन म्हशी, दोन गाई, एक कालवड आणि अठरा शेळ्या. शेळ्या बहुतेक उस्मानाबादी, काळ्याभोर. म्हशी-गाई आप्पा आणि त्यांचा पुतण्या महेश बघतात, शेळ्या वहिनींच्या. दूध गावात आणि सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या बंगलेवाल्यांना जातं.

मुंबईत गुरं पाळायची तर १९७६ च्या शहरी भागातील गुरे पाळण्याच्या कायद्याखाली परवाना लागतो. आप्पांकडे तो आहे. गुरं मोकळी रस्त्यावर सापडली तर ती कोंडवाड्यात जातात आणि सोडवताना दंड बसतो. शिवाय शेजारी एकाची भाजीची वाडी आहे. १८७१ चा कॅटल ट्रेसपास कायदा अजून लागू आहे आणि त्यात शेळ्या-करडंही मोडतात, हे या शेजाऱ्यानं आप्पांना चांगलंच ऐकवलं होतं. म्हणजे कुंपण आप्पांना हौसेखातर नको होतं.

पहिलं कुंपण मे २०२२ मध्ये झालं. ठेकेदारानं फुटावर दर दिला, सगळीकडे एकच माल: चार इंची चौकोनी, सात फुटी सिमेंटचे पोल, आठ-आठ फुटांवर, एकूण पंचाहत्तर. त्यावर पाच फुटी चेनलिंक जाळी. प्रत्येक कोपऱ्याला आतल्या बाजूनं सिमेंटचेच दोन तिरके टेके. खड्डे दीड फुटाचे आणि त्यात काँक्रीट. पावसाआधी काम उरकलं, दिसायलाही झकास दिसत होतं.

अडचण

पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या पावसाळ्यात, २०२३ च्या जुलैत, मधल्या पट्ट्यातले पोल कलायला लागले. ऑगस्टपर्यंत खाडीकडचे दोन्ही कोपरे आत झुकले आणि जाळीला झोळ पडला. खालच्या ओळीतल्या काही पोलांवर उभ्या तांबूस रेघा दिसू लागल्या, दोघा-तिघांचे कोपरे ढलपी निघून आतली तार उघडी पडली. रस्त्याकडचे पोल मात्र होते तसे, ओळंब्यात.

आप्पांचं निदान तयार होतं: म्हशी अंग घासतात, त्यांनी पोल पाडले. पाचशे-साडेपाचशे किलोचं जनावर रोज दोन वेळा खांबाला मान आणि पुठ्ठा घासत असेल तर हे पटण्यासारखं होतं. ठेकेदारही तेच म्हणाला, त्याच्या सोयीचंच होतं. वहिनींचं म्हणणं वेगळं. "म्हशी रस्त्याकडच्या पोलांना पण घासतात की. ते का नाही पडले? खाली पोल आधीच हललेला असतो, म्हैस नुसती टेकते." या प्रकरणात सगळ्यात उपयोगी वाक्य कुणाचं असेल तर ते वहिनींचं.

शेळ्यांची गोष्ट निराळीच होती. त्यांना पोल पाडायची गरजच नव्हती. कोपऱ्याचे तिरके टेके आतल्या बाजूला होते आणि शेळीला चार इंच रुंदीची तिरकी चढण म्हणजे राजमार्ग. मी स्वतः बघितलं ते असं: एक दोन वर्षांची पाठ (न व्यालेली तरुण शेळी) टेक्यावर पुढचे पाय ठेवून क्षणभर थांबली, कान पुढे केले, चार पावलात वर गेली, पोलाच्या माथ्यावर चारही खूर एकत्र आणले आणि पलीकडे शेजाऱ्याच्या पडवळाच्या मांडवाखाली उतरली. तिच्या मागे दुसरी. तिसरी टेक्याच्या पायथ्याशी रांगेत उभी होती.

तिसरी अडचण भटक्या कुत्र्यांची. जाळीला झोळ पडल्यावर खाली वीतभर फट राहिली आणि तिथून रात्री कुत्री आत आली, दोन करडं गेली. आप्पा तोवर सांभाळून घेत होते. करडं गेल्यावर वहिनींनी ठणकावून सांगितलं, दिवाळीच्या आत कुंपण नीट झालं नाही तर शेळ्या विकून टाकते.

जमीन काय म्हणते

नवीन मालाच्या किमती विचारण्याआधी आम्ही पहार घेऊन वाडीभर फिरलो. सप्टेंबर संपत आला होता, जमीन अजून ओली होती. दर वीस-पंचवीस फुटांवर पहार मारायची, किती सहज जाते, वर काय चिकटून येतं ते बघायचं आणि वहीत टिपायचं. अर्ध्या दिवसाचं काम.

रस्त्याकडची बाजू आणि तिथून दोन्ही कडांचे पहिले ऐंशी फूट, म्हणजे २८० फुटांचं कुंपण, कडक मुरमावर होतं. तिथे पहार फूटभर गेली की खणकन वाजायची. त्यापुढचे दोन्ही कडांचे शंभर-शंभर फूट म्हणजे जुनं भातखाचर, चिकणमातीचं. तिथे महेशनं पहारीवर नुसता भार टाकला तरी ती दोन फूट आत गेली आणि बाहेर काढताना फसफसली. खाडीकडची १२० फुटांची शेवटची बाजू खाजणाला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीला, लागून. उधाणाच्या भरतीला पाणी तिथपर्यंत झिरपतं. कोरड्या दिवसांत मातीवर मिठाचा पांढरा पापुद्रा येतो.

मग पोल का कलले हे कोडं राहिलं नाही. चिकणमाती उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते, पावसात फुगते. ठेकेदारानं मे महिन्यात, जमीन सर्वांत आकसलेली असताना, दीड फुटाचे खड्डे घेऊन त्यात काँक्रीटचा गोळा बसवला. पाऊस आला, आजूबाजूची माती फुगली, मऊ पडली, आणि पन्नास किलोहून जड पोल त्या लोण्यात उभा राहिला. पुढच्या उन्हाळ्यात गोळ्याभोवती फट, पुढच्या पावसात त्या फटीत पाणी. मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तेव्हा या मातीला सुकायला उसंत मिळत नाही. आपल्याकडे सगळी कुंपणं मे महिन्यातच होतात, कारण तेव्हा मजूर मोकळे असतात आणि पावसाची घाई असते. मुरमावर त्यानं काही बिघडत नाही. चिकणमातीवर मात्र हाच सर्वांत वाईट महिना.

खालच्या पोलांच्या तांबूस रेघांचं कारण मीठ. खारी हवा आणि खारी ओल यांतलं क्लोराइड काँक्रीटमधून आत शिरतं, आतली तार गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतूनच काँक्रीट फोडतो. आयएस ४५६ हे आपलं काँक्रीटचं मानक समुद्रकाठच्या हवेत उघड्या असलेल्या कामाला 'तीव्र' प्रकारात टाकतं आणि लोखंडावर किमान ४५ मिमी काँक्रीटचं आवरण सांगतं. चार इंची म्हणजे शंभर मिमीच्या पोलात चार कोपऱ्यांना चार तारा घातल्यावर एवढं आवरण उरेल कुठून? बाजारातला तयार पोल त्या हिशेबानं बनवलेलाच नसतो. तो नाशिक-जुन्नरकडे पंधरा-वीस वर्षं उभा राहील. गोराईच्या खाजणात त्याच्याकडून ती अपेक्षा धरणं चूक.

कोपऱ्यांचा मुद्दा वेगळा मांडायला हवा, कारण कुंपणात पैसा सर्वांत चुकीचा इथेच वाटला जातो. जाळी ताणली की तिचा सगळा ओढा कोपऱ्याच्या, शेवटच्या आणि फाटकाच्या खांबांवर येतो. मधल्या खांबाचं काम फक्त जाळी उभी धरायचं. पहिल्या कामात सगळ्या जागी एकच पोल, एकच खोली. कोपरे झुकले, जाळी सैल पडली, आणि सैल जाळीवर म्हैस टेकली की तिचं वजन मधल्या पोलांवर येऊ लागलं. आप्पांना दिसलं ते हे शेवटचं दृश्य.

पर्याय

आप्पांची पहिली इच्छा होती की तेच सिमेंटचे पोल पुन्हा, फक्त खड्डे तीन फुटी करू. मुरमावर याची गरज नव्हती आणि खाजणात खोल गेल्यानं मिठाचा प्रश्न सुटत नव्हता, उलट जास्त पोल खाऱ्या ओलीत गेला असता.

महेशला सगळीकडे लोखंडी अँगल हवे होते. ४० बाय ४० बाय ५ मिमीचा अँगल मीटरला तीन किलो भरतो. सात फुटी तुकडा साडेसहा किलोच्या आत. दोन माणसं दिवसभरात सगळे वाहून नेतील. पण नुसत्या रंगवलेल्या अँगलला इथली हवा सोसत नाही. गंज सर्वांत आधी धरतो तो जमिनीच्या पातळीला, कारण खोल मातीत हवा नसते, वर ओल टिकत नाही, आणि नेमक्या त्या चार-सहा बोटांत दोन्ही असतं. वरून धडधाकट दिसणारा अँगल एके दिवशी बुंध्याशी मोडतो. लाकडाचंही तसंच, तिथे गंजाऐवजी बुरशी आणि वाळवी.

सुरूच्या बल्ल्या स्वस्त आणि जवळ मिळणाऱ्या. बुंधा जाळून किंवा डांबर लावून गाडल्या तरी ओल्या मातीत त्यांच्याकडून फार वर्षांची आशा नसते. एका नातेवाइकानं जळकं इंजिन ऑइल लावायचा सल्ला दिला. विहीर वीस फुटांवर आहे, म्हणून तो विषय तिथेच थांबवला. जुने लोक तिवराच्या, म्हणजे खारफुटीच्या, लाकडाचं नाव काढतात, ते खाऱ्या पाण्यात टिकतं म्हणतात, पण तिवर तोडणं हा गुन्हा आहे, तेव्हा त्याची चर्चाच नको.

गडगा, म्हणजे दगड रचून कमरेएवढी भिंत, आप्पांना मनापासून आवडला असता. दगड बाहेरून आणायचा, चिकणमातीवर पाया घ्यायचा, आणि शेळीला गडगा म्हणजे बसायला ओटा. नाही.

झटका मशीनचा विचार जरा जास्त वेळ चालला. सौर झटका यंत्राची एक तार म्हशींच्या छातीच्या उंचीला ओढली तर त्या खांबाजवळ येणारच नाहीत, हे खरं. पण इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो, पावसात गवत तारेला टेकतं आणि झटका जमिनीत जिरतो. रोज गवत काढायला माणूस हवा. महेश नोकरीला बोटीनं पलीकडे जातो. कुणी "घरातलीच लाइन जोडू" म्हणालं की तिथून उठून जावं. तो प्रकार बेकायदा आहे आणि त्यानं माणसं मेली आहेत.

उरला तो मिसळीचा पर्याय: जमिनीप्रमाणे खांब बदलायचा. ऐकायला सोपं, पण ठेकेदारांना नको असतं. एकच माल, एकच दर, एकच टोळी यात त्यांची सोय. दोघांनी कोटेशन द्यायलाच नकार दिला. शेवटी साहित्य आप्पांनी घ्यायचं आणि मजुरी रोजानं, असं ठरलं.

घरातला वाद: ओळ आत घ्यायची की नाही

सगळ्यात जास्त वेळ खांबांवर नाही, खालच्या ओळीच्या जागेवर गेला. तिवरांची पहिली ओळ आप्पांच्या हद्दीपासून अंदाजे शंभर फुटांवर. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून तिवरांच्या ५० मीटरच्या आत बांधकामाला मनाई आहे. ५० मीटर म्हणजे १६४ फूट. तेव्हा वाडीचे खालचे साठ-पासष्ट फूट त्या पट्ट्यात येतात. खांबाच्या बुडाचं काँक्रीट हे बांधकाम की नाही, यावर आप्पा वकिली करायला तयार होते. मी एवढंच म्हटलं की तक्रार झाली तर वाद कचेरीत घालावा लागेल आणि जनावरं तोवर मोकळी. त्या पट्ट्यात काँक्रीट घालायचंच नाही असं ठरलं.

दुसरी गोष्ट उधाणाची. मीठ जिथपर्यंत येतं त्या रेषेच्या आत, म्हणजे पंधरा फूट अलीकडे, कुंपण घ्यावं असं माझं मत. त्यात दीड गुंठ्याहून थोडी जास्त जमीन बाहेर राहणार होती. आप्पांना हे झोंबलं. "बापजाद्यांची जमीन कुंपणाबाहेर ठेवायची? उद्या दुसरा कुणी आत घुसेल." भीती खोटी नाही, मुंबईत मोकळी जमीन मोकळी राहत नाही. म्हणून आधी मोजणी करून घेतली, हद्दीचे दगड रोवले, फोटो काढून ठेवले, आणि ती पट्टी वैरणीसाठी राखली. कुंपण आत, मालकी दगडापर्यंत. दोन आठवडे लागले, पण आप्पा तयार झाले. बाकीच्या दोन बाजूंनाही ओळ दीड फूट आत घेतली, त्याचं कारण कुत्री, पुढे सांगतो.

काय केलं

मुरमावर जुनेच पोल ठेवले. खालून उपटलेल्यांपैकी न तडकलेले वर आणले आणि वरचे खराब तेवढे बदलले. पस्तीस पोल लागले, नवीन एकही घ्यावा लागला नाही. वाहतूक वाचली हा मोठा फायदा: एक पोल पन्नास किलोच्या वर, पंचाहत्तर पोलांचं ओझं चार टनांच्या घरात जातं आणि वळशाच्या रस्त्यानं येताना काही तडकतातच. पोलाच्या बुडाशी काँक्रीटला बाहेरच्या बाजूनं उतार दिला, म्हणजे पाणी साचत नाही. आधीच्या कामात तिथे वाटीसारखा खळगा राहिला होता.

चिकणमातीत दीड इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, निळ्या पट्ट्याचा, म्हणजे मध्यम वर्गाचा. पिवळा पट्टा हलका, लाल जड. दुकानदार पिवळा दाखवून "चालतो की" म्हणतो. खांबासाठी तो घेऊ नये. आठ फुटी तुकडे, खालचं टोक तिरकं कापलेलं, तीन फूट जमिनीत. खड्डा खणलाच नाही. नोव्हेंबरात माती ओलसर असताना लाकडी ठोकळा वर धरून घणानं सरळ ठोकले. खणून भरलेल्या मातीपेक्षा न हललेली माती खांबाला घट्ट धरते, आणि काँक्रीट नसल्यामुळे ५० मीटरचा प्रश्नही आपोआप मिटला. माथ्यावर प्लास्टिकच्या टोप्या, नाहीतर पाइपात पाणी भरतं आणि तो आतून गंजतो. वेल्डिंगला पूर्ण बंदी: वेल्डिंगनं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. जाळी क्लॅम्प आणि तारेनं बांधली, कापलेल्या तोंडांना जस्ताचा रंग लावला.

कोपऱ्यांना तिरके टेके काढून टाकले. त्यांच्या जागी दोन खांबांची चौकट. कोपऱ्याचा खांब आणि त्याच्यापासून आठ फुटांवर दुसरा, दोन्ही अडीच इंची पाइपचे आणि मऊ जमिनीत चार फूट आत ठोकलेले. दोघांच्या वरच्या अंगाला एक आडवा पाइप. मग दुसऱ्या खांबाच्या माथ्यापासून कोपऱ्याच्या खांबाच्या बुडापर्यंत दहा नंबरची जीआय तार दुहेरी घ्यायची, मध्ये एक दांडकं अडकवायचं आणि पीळ देत जायचं. जाळी कोपऱ्याला आत ओढते, आडवा पाइप तो जोर दुसऱ्या खांबाच्या माथ्यावर देतो, आणि पिळलेली तार तो जोर पुन्हा कोपऱ्याच्या बुडाशी आणून जमिनीत सोडते. मजुरांनी असं काम केलेलं नव्हतं आणि तार उलट्या कर्णावर बांधायची त्यांची तयारी होती. तसं केलं तर जोर आला की ती तार ढिली पडते, कामाला येतच नाही. महेशनं पहिला कोपरा स्वतः केला, बोटानं तार छेडून दाखवली, मग बाकीचे त्यांनी केले. शेळीला चढायला तिरकं काही उरलं नाही.

खाडीकडच्या नव्या ओळीला जिवंत खांब. भेंडीचं झाड, म्हणजे परसपिंपळ, खारी ओल सोसतो आणि जाड फांदी गाडली तरी फुटतो. मनगटाएवढ्या जाडीच्या सहा-सात फुटी तीस फांद्या चार-चार फुटांवर, जून २०२४ च्या पहिल्या पावसानंतर लावल्या. गिरिपुष्प स्वस्तात मिळालं असतं, पण खाऱ्या मातीत भेंडीच बरी. बाहेरच्या अंगाला शेराच्या कांड्या. शेराच्या चिकामुळे शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. कांड्या कापताना डोळ्यांना चष्मा लावायला सांगितला, तो चीक डोळ्यात गेला तर भारी पडतं. नोव्हेंबर ते जून आणि पुढे झाडं रुजेपर्यंत जाळी धरायला बांबू लावले. हे बांबू आप्पांनी आधी तीन आठवडे तळ्यात बुडवून ठेवले. आतला गोडवा निघून गेला की किडा कमी लागतो.

कुत्र्यांसाठी जाळीच्या बुडाशी बाहेरच्या बाजूला दीड फूट रुंद जाळी जमिनीवर आडवी पसरली, खुंट्या मारल्या, वर दगड ठेवले. कुत्रं कुंपणाच्या अगदी मुळाशी उकरतं आणि तिथे त्याच्या पायाखालीच जाळी येते. दीड फूट मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. ओळ दीड फूट आत घेतली ती यासाठी, नाहीतर ही पट्टी शेजाऱ्याच्या जागेत गेली असती. पावसात गवत तिच्यातून वर आलं आणि ती दिसेनाशी झाली.

म्हशींसाठी वाडीच्या मधोमध एक खांब. वादळात पडलेल्या माडाचा खोडाचा तुकडा, चार फूट गाडलेला, त्याला काथ्याचा दोर घट्ट गुंडाळलेला. म्हशीला खाज येते ती येतेच, ती कुठेतरी घासणारच. तिला कुंपणापेक्षा बरी जागा दिली तर ती तिथे जाते. पहिल्याच दिवशी तिन्ही म्हशी तिथे एकमेकींना ढकलत होत्या. माड जमिनीत फार टिकत नाही. दोन-तीन वर्षांनी बदलावा लागेल, पण फुकटचा आहे.

परिणाम

२०२५ चा पावसाळा संपेपर्यंतचा हिशेब असा. मुरमावरचे पोल सरळ. पाइपांपैकी एक कलला, विहिरीच्या पाण्याचा पाट जिथून जातो तिथला. पाट वळवून तो पुन्हा ठोकला. कोपऱ्यांच्या तारांना पहिल्या पावसाळ्यानंतर एकेक पीळ जास्त द्यावा लागला, बाकी हालचाल नाही. शेळ्या कुंपणावरून गेल्या नाहीत. फाटकातून मात्र गेल्या, कारण सुट्टीला दूध न्यायला येणारे ते उघडं टाकतात. कुत्री खालून आली नाहीत.

भेंडीच्या तीस फांद्यांपैकी जवळपास एक तृतीयांश रुजल्या नाहीत. त्यांतल्या बऱ्याच शेळ्यांनी साल सोलून मारल्या. आतल्या बाजूनं बांबूचा अडसर होता, पण शेळीची मान किती लांब जाते याचा अंदाज दर वेळी कमीच पडतो. २०२५ च्या जूनमध्ये नवीन फांद्या लावल्या आणि बुंध्यांना छातीएवढ्या उंचीपर्यंत जुनी जाळी गुंडाळली.

खर्च पहिल्या कामापेक्षा कमी आला, पण तो जुने पोल आणि बरीचशी जुनी जाळी परत वापरली म्हणून. कोऱ्या जागेवर हेच काम करायचं झालं तर सरसकट सिमेंटपेक्षा महाग पडेल. पाइप आणि क्लॅम्प स्वस्त नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

पहारीची फेरी २०२२ मध्येच झाली असती तर खालचे चाळीस पोल विकतच घ्यावे लागले नसते. ठेकेदारानं ती करायला हवी होती, पण फुटावर दर देणाऱ्याला ती करून काहीच मिळत नाही. त्यामुळे ती मालकानं करावी आणि दर मागतानाच जमिनीचे तुकडे वेगळे मांडावेत: इतके फूट मुरूम, इतके चिकण, इतके खाजण, आणि कोपरे-फाटक स्वतंत्र.

भेंडी एक वर्ष आधी, शेळ्या त्या बाजूला न सोडता लावायला हवी होती. वहिनींनी ते सुचवलं होतं; जागा आत घ्यायचा वाद मिटला नव्हता म्हणून राहिलं.

फाटकावर पुरेसा विचार झाला नाही. दहा फुटी फाटकाचा खांब मुरमात, काँक्रीटमध्ये, चार इंची पाइपचा आहे, तो हलणार नाही. पण आपोआप बंद होणारं लहान दार बाजूला दिलं असतं तर दूध न्यायला येणाऱ्यांनी मोठं फाटक उघडलंच नसतं. ते आता या दिवाळीनंतर होईल.

जाळीबद्दल माझं आणि महेशचं एकमत झालेलं नाही. रस्त्याकडची जुनी जाळी अजून चांगली दिसते, पण गाठींच्या जागी जस्त उडालंय. तो म्हणतो अजून तीन वर्षं जाईल. मी दोन धरली आहेत.

शेजाऱ्यानं, त्याच पडवळवाल्यानं, कुंपण बघून "मला पण हेच पाइप ठोकून द्या" म्हणून विचारलं. त्याची वाडी रस्त्याला समांतर, सगळी वरच्या अंगाला. पहार फिरवली तर दहा इंचांवर सगळीकडे दगड. पाइप ठोकला असता तर तोंड वाकलं असतं. त्याला सिमेंटचेच पोल घ्यायला सांगितलं. आप्पांच्या ढिगात न तडकलेले चार शिल्लक होते, ते त्यानं पहिल्याच दिवशी हातगाडीवरून नेले.